मानमोडी, राणीखेत आणि बर्ड फ्लू : अंड्यांच्या व्यवसायातील एका रोगाची नावे व त्यांमागील वस्तुस्थिती

मराठीत ‘मानमोडी’ हा शब्द दोन निरनिराळ्या रोगांना लावला जातो, आणि शब्दकोशाच्या दृष्टीने ही गोष्ट क्षुल्लक वाटली तरी तिच्या मुळाशी बराच अर्थ दडलेला आहे. १९१८ साली मुंबई बंदरातून देशभर पसरलेल्या इन्फ्लुएंझाच्या साथीला महाराष्ट्रातील सामान्य जनांनी ‘मानमोडी’ हे नाव दिले. त्या साथीत हिंदुस्थानात किती माणसे दगावली याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत केले गेले आहेत. खेड्यापाड्यांतील म्हाताऱ्यांच्या बोलण्यात पुढे कित्येक वर्षे ‘मानमोडीच्या साली’ अशी कालगणना चालू होती. दुसरीकडे, कोंबड्या पाळणारा मराठी शेतकरी ‘मानमोडी’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात पशुवैद्यकांचा ‘राणीखेत’ रोग असतो. या रोगात कोंबडीची मान वाकडी होऊन पिळल्यासारखी दिसते. म्हणजे येथे शब्द केवळ लक्षणाचे वर्णन करतो. माणसांच्या बाबतीत तोच शब्द लाक्षणिक अर्थाने आला आहे. ‘मान मोडून काम करणे’ या प्रयोगात जी असहायता आहे तीच त्या तापाच्या नावातही उतरली आहे.

वैद्यकाच्या दृष्टीने हे दोन्ही रोग भिन्न आहेत. राणीखेतचा विषाणू गोवर व गालगुंड यांच्या विषाणूंच्या व्यापक गोतातला. इन्फ्लुएंझाचे कुळ सर्वस्वी वेगळे. परंतु पक्ष्यांनाही इन्फ्लुएंझा होतो, त्याचीही लक्षणे प्रथमदर्शनी राणीखेतसारखीच दिसतात, आणि जो शेतकरी दोहोंनाही मानमोडीच म्हणतो त्याच्या दृष्टीने नावात काही चूक होत नाही. चूक होते ती पुढे, उपाय ठरविताना.

‘राणीखेत’ या नावाचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. १९२६ साली जावा बेटात आणि इंग्लंडातील न्यूकॅसल येथे हा रोग प्रथम नोंदला गेला. त्यानंतर थोड्याच काळात तो कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत येथे आढळला. जगाने त्याला न्यूकॅसलचे नाव दिले, भारताने राणीखेतचे. ज्या गावात रोग ओळखला जातो त्या गावाच्या माथी तो कायमचा बसतो, हा नामकरणाचा एक अन्याय्य नियमच म्हणावा लागेल. आज भारतातील कोणत्याही व्यापारी कुक्कुटपालनात राणीखेतची लस ठरलेल्या दिवशी दिली जाते. ‘लासोटा’ व ‘आर-टू-बी’ ही लसींच्या वाणांची नावे पोल्ट्रीवर काम करणाऱ्या निरक्षर मजुराच्याही तोंडी असतात. रोग परिचयाचा, लस परिचयाची आणि नाव घरचे; त्यामुळे पोल्ट्रीत मरतूक वाढली की पहिला संशय राणीखेतवरच जातो.

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे २००६ साली नेमके असेच घडले. सुरत–धुळे रस्त्यावरील हे गाव गुजरातच्या सीमेला लागून आहे. सुरतेची मोठी बाजारपेठ जवळ असल्यामुळे येथे अंड्यांच्या पोल्ट्र्या दाटीवाटीने उभ्या राहिल्या होत्या. त्या वर्षीच्या हिवाळ्यात कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या, तेव्हा आरंभी तो राणीखेतचा प्रकार मानला गेला. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी ‘एच ५ एन १’ या विषाणूचे निदान जाहीर झाले. भारतातील पक्ष्यांच्या या इन्फ्लुएंझाची ती पहिली नोंद होय. पुढील काही दिवसांत तीन किलोमीटरच्या परिघातील अडीच लाखांहून अधिक पक्षी मारण्यात आले व लाखो अंडी नष्ट करण्यात आली. लगोलग गुजरातच्या हद्दीतील उच्छल येथे, आणि पुढच्या महिन्यात जळगाव जिल्ह्यातही रोग आढळला. त्या साथीत भारतात एकाही माणसाला लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही. पण नवापूरचे नाव मात्र राणीखेतप्रमाणेच रोगाला चिकटले.

या रोगाचे वर्णन नवे नाही. १८७८ साली इटलीत पेरोंचितो याने कोंबड्यांच्या एका अतिसंहारक साथीचे वर्णन केले. १९०१ मध्ये तिचे कारण जंतू अडविणाऱ्या गाळणीतूनही पार होते, म्हणजे ते जिवाणूंहून सूक्ष्म आहे, असे दिसून आले. युरोपातील पशुवैद्य तिला ‘कोंबड्यांचा प्लेग’ म्हणत. हा तथाकथित प्लेग वस्तुतः इन्फ्लुएंझाचाच विषाणू होय, हे १९५५ साली जर्मन संशोधक शेफर याने दाखविले. तरीही जुने नाव आणखी पाव शतक टिकले. १९८१ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ते टाकून ‘अतिरोगकारक पक्षी-इन्फ्लुएंझा’ अशा अर्थाची संज्ञा स्वीकारली गेली. ‘इन्फ्लुएंझा’ हा शब्द मूळचा इटालियन, त्याचा अर्थ ‘प्रभाव’. रोग ग्रहताऱ्यांच्या प्रभावाने येतो या समजुतीचा तो अवशेष आहे. मराठीने तो इंग्रजीमार्गे घेतला, त्याचा ‘फ्लू’ केला, आणि पुढे ‘बर्ड फ्लू’ हे जोडनाव वृत्तपत्रांतून जसेच्या तसे उचलले. ग्रहांचा संबंध सुटला, पण आभाळातून काहीतरी उतरते हा भाव ‘बर्ड’ या शब्दाने पुन्हा आत आणला. ‘बर्ड फ्लू’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर स्थलांतरित बदके व बगळे येतात. पत्र्याखालची पिंजऱ्यांची रांग येत नाही.

निसर्गात या विषाणूचे मूळ घर बदके, हंस इत्यादी पाणपक्ष्यांचे आतडे हेच आहे, हे खरे. तेथे तो बहुधा निरुपद्रवी असतो. विष्ठेतून पाण्यात जातो आणि पाण्यातून दुसऱ्या पक्ष्यात. त्याच्या पृष्ठभागावरील दोन प्रथिनांच्या आद्याक्षरांवरून ‘एच’ व ‘एन’ ही खूण पडली आहे. पक्ष्यांत ‘एच’चे सोळा व ‘एन’चे नऊ प्रकार दीर्घकाळ ओळखले गेले आहेत. कोंबड्यांना घातक ठरतात ते मुख्यतः ‘एच ५’ आणि ‘एच ७’. पेशीत शिरण्यासाठी ‘एच’ प्रथिनाचे दोन तुकडे व्हावे लागतात. सौम्य विषाणूत हा छेद करणारी द्रव्ये केवळ आतड्यात व श्वसनमार्गात असतात, म्हणून रोग तेथेच राहतो. कोंबड्यांच्या कळपातून कळपात फिरता फिरता छेदाच्या जागी एक लहानसा बदल घडला, की शरीरातील जवळजवळ कोणत्याही पेशीत तो छेद होऊ शकतो, आणि मग तुरा निळा पडणे, पायांवर रक्ताचे डाग उमटणे, अंडी एकाएकी बंद होणे आणि दोन दिवसांत अख्खे शेड मरून पडणे हा क्रम सुरू होतो. सारांश, विषाणू येतो तो रानातून. पण त्याचे सौम्य रूप मारक रूपात बहुशः पालटते ते माणसाने पाळलेल्या कोंबड्यांत. ही गोष्ट ‘बर्ड फ्लू’ या नावात कोठेही सूचित होत नाही.

आता ज्या जागी हे घडते त्या जागेकडे वळले पाहिजे. मराठीत ‘पोल्ट्री’ या शब्दाने मूळ इंग्रजी अर्थ सोडला आहे. इंग्रजीत तो पाळीव पक्ष्यांचा वाचक. मराठीत ‘त्याची पोल्ट्री आहे’ म्हणजे त्याचे शेड आहे, इमारत आहे, धंदा आहे. आतल्या कोंबडीला ‘कोंबडी’ म्हणत नाहीत. ‘दहा हजार पक्ष्यांची पोल्ट्री’ असे म्हणतात. मांसासाठी वाढविलेल्या ‘ब्रॉयलर’चे लोकांनी ‘बॉयलर’ केले, त्यामुळे तिचा संबंध यंत्राशी जुळला, आणि तिच्या उलट ‘गावरान’ हे विशेषण उभे राहिले. अंड्यासाठीची ती ‘लेयर’. कोंबड्या मरतात असे न म्हणता ‘मरतूक’ म्हणतात, आणि ती टक्क्यांत मोजतात. या शब्दांत निर्दयता आहे असे समजण्याचे कारण नाही. हिशेबाची वही ज्या भाषेत लिहितात तीच भाषा हळूहळू तोंडात बसते. परंतु डालगे, खुराडे, उकिरडा, खुडूक, आरवणे ही जी कोंबडीच्या संसाराची जुनी शब्दसंपत्ती मराठीत होती तिच्यातील एकाही शब्दाला अंड्यांच्या पोल्ट्रीत वाच्य उरलेले नाही, हे भाषेच्या अभ्यासकाने नोंदविले पाहिजे. ‘खुडूक’ हाच शब्द घ्या. अंड्यांवर बसण्याची ओढ लागलेली, अंडी देणे थांबविलेली, जवळ गेल्यास पिसे फुलवून फुरफुरणारी ती खुडूक कोंबडी. व्यापारी जातींत ही प्रवृत्ती निवडीने जवळजवळ नाहीशी करण्यात आली आहे, कारण खुडूक बसलेली कोंबडी म्हणजे बुडालेले दिवस.

कोंबडीचा पूर्वज तांबडा रानकोंबडा. त्याची मादी वर्षाकाठी दहा-पंधरा अंडी घालते, तीही पिलांसाठी. व्हाइट लेगहॉर्न वंशातून काढलेली आजची लेयर वर्षाला तीनशेहून अधिक घालते. भारतात या क्रांतीचा पाया १९७१ साली बी. व्ही. राव यांनी स्थापिलेल्या व्यंकटेश्वर हॅचरीजने घातला. पुढे पुणे हे या उद्योगाचे मोठे केंद्र झाले, आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली. अंडे स्वस्त झाले, गरिबाच्या ताटात प्रथिन आले, हे या उद्योगाचे ऋण नाकारता येणार नाही. २०२३–२४ साली देशाचे अंडी-उत्पादन १४ हजार कोटींवर पोहोचले. २०१९ च्या पशुगणनेत ८५ कोटींहून अधिक कोंबड्या व इतर पाळीव पक्षी मोजले गेले. त्यांपैकी ५३ कोटींच्या वर व्यापारी पोल्ट्र्यांतले होते.

या यशाची किंमत कोंबडीच्या शरीरातून वसूल होते. अंडी उबवणी केंद्रात पिले फुटतात तेव्हा निम्मी नर असतात. ती अंडीही देणार नाहीत आणि मांसासाठीही परवडणार नाहीत, म्हणून पहिल्याच दिवशी मारली जातात. मादी पिलांच्या चोचीचे टोक तापल्या पात्याने छाटतात, कारण दाटीत ती एकमेकींना टोचून मारतात. सुमारे अठराव्या आठवड्यात त्यांना तारेच्या पिंजऱ्यात घालतात, आणि बहात्तर ते ऐंशी आठवड्यांच्या झाल्या की बाहेर काढतात, ते विकण्यासाठीच. दरम्यान सोळा तासांचा उजेड, उताराची तारेची जमीन, समोरून खाद्याची पन्हळ, आणि खाली साचत जाणारी विष्ठा. भारतात रूढ असलेल्या पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला ४५० चौरस सेंटिमीटरच्या आसपास जागा येते. कचेरीत वापरला जाणारा ए-फोर आकाराचा कागद याहून मोठा, म्हणजे सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. त्या कागदाच्या पाऊण भागाहूनही कमी जागेत पंख पसरता येत नाहीत, धुळीत लोळता येत नाही, रात्री उंच दांडीवर बसता येत नाही, अंडे घालण्यापूर्वी आडोसा शोधता येत नाही. यातील शेवटची गोष्ट विशेष होय; घरटे शोधण्याची ओढ निवडीने गेलेली नाही, आणि अंडे येण्यापूर्वी पिंजऱ्यातील कोंबडी अस्वस्थपणे येरझारा घालू पाहते. प्रत्येक कवचासाठी सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते. ते पुरे पडले नाही की हाडांतून जाते, आणि हालचालच नसल्याने हाडे आधीच ठिसूळ झालेली असतात. पिंजरे रिकामे करताना कित्येकींचे पाय व पंख मोडतात.

या जीवनमानाचा आणि साथीचा संबंध कोणता? पिंजऱ्यामुळे रोग होतो, असे सरळ विधान काही प्राणिमित्र करतात. ते टिकणारे नाही. विषाणू बाहेरून यावा लागतो, आणि बंद शेडातील कोंबडीपेक्षा अंगणात फिरणाऱ्या कोंबडीचा रानपक्ष्यांशी संपर्क अधिक येतो. याच कारणास्तव युरोपातील देश साथीच्या काळात मोकळ्या कोंबड्यांनाही आत डांबण्याचे हुकूम काढतात. हाँगकाँगमध्ये १९९७ साली माणसांना प्रथम या विषाणूची लागण झाली, अठरा जण आजारी पडले व सहा दगावले. तेथे मुख्य वाटा जिवंत कोंबड्यांच्या बाजारांचा होता. मात्र आत आलेला विषाणू पुढे काय करतो हे शेडाच्या रचनेवर अवलंबून आहे. एकाच वंशाच्या, जवळजवळ एकसारख्या हजारो कोंबड्या एकमेकींच्या श्वासाच्या अंतरावर असल्या की त्याला अडविणारे असे काही उरत नाही. त्यातही अंड्यांच्या पोल्ट्रीचा एक दोष ब्रॉयलरच्या पोल्ट्रीत नसतो. ब्रॉयलरचा कळप एकदम येतो व एकदम जातो, मध्यंतरी शेड धुऊन वाळविता येते. अंड्यांच्या पोल्ट्रीत निरनिराळ्या वयांचे कळप शेजारी शेजारी असतात. जागा कधीच पूर्ण रिकामी होत नाही. शिवाय रोज अंडी बाहेर जातात, आणि पुठ्ठ्याचे ट्रे, खाद्याच्या गोण्या, खताच्या ट्रॅक्टरी व निकामी कोंबड्या नेणाऱ्या गाड्या एका पोल्ट्रीतून दुसरीत फिरत राहतात. नवापूरसारख्या ठिकाणी जेथे एका शेडाची भिंत दुसऱ्या शेडापासून हाकेच्या अंतरावर असते, तेथे रानबदकाने एकदा आणलेला रोग पुढे ट्रेवर बसून प्रवास करतो.

रोगाचे निदान झाल्यावर जे करतात त्याला मराठी वृत्तपत्रे ‘कलिंग’ म्हणतात. क्वचित हाच शब्द ‘किलिंग’ असाही छापला जातो, आणि अर्थाच्या दृष्टीने ही चूक बरोबरच आहे. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘निवडून वेचणे’ असा आहे. फ्रेंचमार्गे तो ‘गोळा करणे’ या लॅटिन धातूपर्यंत जातो. येथे मात्र निवड अशी नसतीच. ठरावीक परिघातील आजारी व निरोगी, पोल्ट्रीतील व परसातील, सर्वच पक्षी मारावयाचे असतात. शासकीय पत्रकांत ‘शास्त्रोक्त पद्धतीने विल्हेवाट’ असा शब्दप्रयोग येतो. ती पद्धत म्हणजे हाताने मान मोडणे, आणि नंतर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरणे. अशा रीतीने मानमोडी हा शब्द तिसऱ्या अर्थानेही खरा ठरतो. हे काम करणारे पशुसंवर्धन खात्याचे कर्मचारी व रोजंदारीचे मजूर अंगभर पोशाख, चष्मे व मुखपट्ट्या लावून तासन् तास ते करतात, आणि नंतर काही दिवस त्यांना निगराणीखाली ठेवून विषाणुरोधक गोळ्या दिल्या जातात.

नवापूर परिसरातील भाषास्थितीचा विचार अशा प्रसंगी फारसा होत नाही. तो व्हावयास हवा. तेथे मावची बोलणारे आदिवासी बहुसंख्य आहेत. बाजारात गुजराती चालते, कचेरीत मराठी, आणि रोगाचे नाव मात्र इंग्रजी. घरोघर जाऊन तापाची चौकशी करणाऱ्याने ‘बर्ड फ्लू आहे का’ असे विचारले तर उत्तर ‘नाही’ असेच येणार. उलट, किती कोंबड्या मेल्या, तुरा कोणत्या रंगाचा झाला, अंडी केव्हा बंद झाली, मेलेली कोंबडी कोणी साफ केली, असे विचारले तर नाव न घेताही रोग सापडतो. परसात चार कोंबड्या पाळणाऱ्या बाईसाठी त्या कोंबड्या म्हणजे अडीनडीची बचत असते. तिला लक्षणे समजतात, संज्ञा समजत नाहीत. आणि सांगितल्यावर कोंबड्या जाणार, एवढे मात्र ती पुरेपूर जाणून असते. पोल्ट्रीमालकाची अडचण याहून मोठी. कर्जावर उभे केलेले शेड, बाजार एका बातमीने कोसळणारा, आणि नुकसानभरपाई मेलेल्या पक्ष्याची नव्हे तर शासनाने मारलेल्या पक्ष्याची. उशिरा कळविणाऱ्याचे जितके पक्षी आधी मरतात तितके त्याचे नुकसान भरून येत नाही, म्हणून ही तरतूद लवकर कळविण्यास उत्तेजन देते, असे तिचे समर्थन केले जाते. परंतु दरम्यानच्या काळात शेड रिकामे राहते त्याचा भार कोणीच उचलत नाही. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण सर्वांनाच ठाऊक आहे, झाकणाऱ्यालाही.

कोंबडीच्या जागेचा प्रश्न कायद्याला अपरिचित नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या अकराव्या कलमात, ज्यात प्राण्याला हालचालीची पुरेशी संधी मिळत नाही अशा पिंजऱ्यात त्याला कोंडणे हा अपराध ठरविला आहे. इंग्लंडात १९६४ साली रूथ हॅरिसन यांच्या ‘ॲनिमल मशीन्स’ या पुस्तकाने हा विषय लोकांपुढे आणला. पुढल्याच वर्षी ब्रॅम्बेल समितीचा अहवाल आला. तरी युरोपात साधे पिंजरे बंद व्हावयास १ जानेवारी २०१२ हा दिवस उजाडावा लागला, आणि त्यानंतरही सुधारलेल्या पिंजऱ्यात कोंबडीला ७५० चौरस सेंटिमीटरच मिळाले. भारताच्या विधी आयोगाने २०१७ मध्ये आपला २६९ वा अहवाल केवळ कोंबड्यांच्या निवासावर व वाहतुकीवर दिला. २०१९ च्या नियमांच्या मसुद्यात ५५० चौरस सेंटिमीटरची किमान मर्यादा सुचविण्यात आली होती. म्हणजे मसुद्यातही कागदाचे ते पान पूर्ण झाले नव्हतेच.

इकडे विषाणू थांबलेला नाही. अमेरिकेत २०२२ या एका वर्षात अंड्यांच्या चार कोटींवर कोंबड्या त्याच्यापायी गेल्या. २०२४ च्या मार्चमध्ये तो तेथील दुभत्या गाईंत आढळला. भारतात २०२१ च्या जुलैत दिल्लीच्या रुग्णालयात एका मुलाचा मृत्यू झाला, ती या देशातील पहिली मानवी मृत्यूची नोंद. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर येथे मेलेल्या कावळ्यांत, आणि नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात दगावलेल्या तीन वाघ व एका बिबट्यात ‘एच ५ एन १’ सापडला. नवापुरात तो फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा आला. या वेळी पक्षी मारावयाचा परिघ तीन किलोमीटरऐवजी एक किलोमीटर होता. पण शेडे पूर्वीइतकीच जवळजवळ असल्यामुळे त्या एका किलोमीटरातही लाखो पक्षी निघाले.